सांध्यापासून तीन मिलिमीटर

माझ्या ताईचा नवरा वेल्डर. मी त्यांना दाजी म्हणायचो आणि माझं ऐकून ऐकून आमच्या कारखान्यातले निम्मे लोक त्यांना दाजीच म्हणायला लागले. वयाने मोठे फिटरसुद्धा! ते आमच्या कारखान्यात नोकरीला नव्हते. ठेकेदाराकडे होते आणि वर्षातून एकदा, सगळं बंद ठेवून दुरुस्ती व्हायची तेव्हा, वेल्डिंगचा टॉर्च आणि हेल्मेट घेऊन यायचे. मी पंपघरात पाळीवर. आमच्या डोक्यावरून गरम नायट्रिक अ‍ॅसिडची नळी जायची, सहा इंची, स्टेनलेसची. त्या नळीचे सांधे म्हणजे दाजींचं काम.

दाजी फक्त स्टेनलेस जोडायचे. साध्या लोखंडावर फिरवलेला ब्रश कुणी त्यांच्या नळीला लावला तर ते त्याच्यावर असे ओरडायचे, जणू त्याने त्यांच्या टूथब्रशने बूट घासलेत. कामाला मात्र कमालीचे सावकाश. एक थर भरला की टॉर्च बाजूला ठेवून बसायचे. मी विचारायचो, "दमलात का?" तर म्हणायचे, "मी नाही, नळी दमलीय. लोखंड उष्णता पुढे ढकलून मोकळं होतं. हे धरून बसतं. याला वेळ द्यावा लागतो."

त्यांच्या खिशात एक खडू असायचा. ठरावीक तापमानाला वितळणारा. पुढचा थर देण्याआधी सांध्याशेजारी तो टेकवायचे. वितळला तर पुन्हा बसायचे. वीस वर्षं त्यांनी हे असंच केलं. सगळे त्यांच्या या बसण्याला हसायचे, पण त्यांचा सांधा कधी गळला नव्हता.

त्या वर्षी दुरुस्तीचे नऊ दिवस कापून पाच केले. कामावर देखरेखीला जे साहेब होते त्यांचं नाव आम्ही 'झालं का' ठेवलं होतं, कारण ते दर दहा मिनिटांनी येऊन तेवढंच विचारायचे. नळीचे नवे तुकडे आले तेव्हा दाजींनी त्यांच्यावरचा छाप वाचला आणि साहेबांकडे गेले. मी तिथेच होतो.

"साहेब, या आकड्यापुढे एक अक्षर असतं. ते नाहीये."

"मग?"

"त्या अक्षराचा अर्थ कार्बन कमी. वेल्डिंगला तोच माल लागतो. अ‍ॅसिडच्या लाइनला तर लागतोच."

"ग्रेड तोच आहे ना? स्टोअरमध्ये हेच आहे. एका अक्षराने काय आभाळ कोसळतं?"

दाजी परत आले. पहिला सांधा त्यांनी त्यांच्याच पद्धतीने केला. थर, थांबणं, खडू, पुन्हा थर. अर्धा दिवस गेला. दुसऱ्या सांध्याला साहेब चार वेळा येऊन गेले. पाचव्यांदा आले तेव्हा त्यांनी दाजींच्या हातातला खडू घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"एक्स-रे पास झाला की काम संपलं. चित्रं काय काढत बसलाय? नाही जमत तर ठेकेदाराला सांगतो, दुसरा माणूस पाठवेल."

दाजी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हेल्मेट खाली ठेवतील. त्यांनी ते डोक्यावर चढवलं आणि तापलेल्या थरावर पुढचा थर टाकला.

चौदा सांधे होते. बाकीचे बारा त्यांनी दोन दिवसांत उरकले. संध्याकाळी मी नळीखालून गेलो तेव्हा प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना निळा-जांभळा पट्टा उमटला होता, बोटभर रुंद. मी म्हणालो, "रंग झकास आलाय, दाजी." ते हातमोजे काढत होते. पुढे अ‍ॅसिडचा लेप लावून ते रंग घासून काढले गेले, नळी आरशासारखी झाली, एक्स-रेवाला आला, चौदाच्या चौदा सांधे पास झाले. 'झालं का' साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

चार महिन्यांनी सातवा सांधा फुटला.

खाली पंपाशी काका होते. आमचे पाळीप्रमुख, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. मला या कामात त्यांनीच तयार केलं. कोणती झडप कोणत्या हाताने फिरवायची इथपासून. पंपाचा आवाज बदलला म्हणून ते वाकून ऐकत होते आणि त्यांनी वर पाहिलं. त्याच क्षणी फवारा आला. मी पंधरा पावलांवर होतो. मी त्यांना ओढत पाण्याच्या शॉवरखाली नेलं आणि धरून ठेवलं. ते ओरडत नव्हते. नुसतं "डोळा, डोळा" म्हणत होते. उजवा डोळा गेला. गाल आणि हात भाजले.

दाजी दवाखान्यात आले तेव्हा मी काकूंजवळ बसलो होतो. काकूंनी त्यांना ओळखलं.

"ते तुम्ही जोडलं होतंत ना?"

"हो," दाजी म्हणाले.

मला वाटलं, आता खडूचं सांगतील, त्या अक्षराचं सांगतील. ते "हो" म्हणून उभे राहिले, आणि काकूंनी तोंड फिरवल्यावरही बराच वेळ तसेच उभे होते.

कारखान्याने तो सांधा कापून काढला, मध्ये दुसऱ्या वेल्डरकडून नवा तुकडा बसवला, 'वेल्डरची चूक' असा कागद केला आणि आठव्या दिवशी लाइन सुरू केली. दाजींना फाटकातून आत सोडणं बंद झालं. पण भंगारवाला त्यांच्या ओळखीचा. त्याच्याकडून त्यांनी सांध्याचं ते कापलेलं कडं मिळवलं आणि घरी आणलं. ताईने बोलावलं म्हणून मी गेलो, तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते भिंगातून कडं बघत होते.

"बघ," ते म्हणाले. "सांधा कुठे फाटलाय दाखव."

मी बोट ठेवलं.

"नीट बघ. ती सांध्याची रेघ. तिला काही झालेलं नाही. भेग इथे आहे. सांध्यापासून तीन मिलिमीटर. या बाजूला फुटली, आणि त्या बाजूला बघ, तिथेही तेवढ्याच अंतरावर अ‍ॅसिडने खायला सुरुवात केलीय."

भिंगातून खरंच दिसलं. सांध्याची भरीव पट्टी ठणठणीत आणि तिच्या दोन्ही अंगांना तिला समांतर, सुरीने ओढावी तशी खरखरीत चर. त्या चरेत त्यांनी टाचणी फिरवली तर साखरेसारखे कण पडले.

"म्हणजे तुमचं वेल्डिंग चुकलं नव्हतं!" मला इतकं हायसं वाटलं की मी उठूनच उभा राहिलो. "हे दाखवा त्यांना!"

"अरे, वेल्डिंग चुकलं असतं तर एक सांधा खराब निघाला असता," ते म्हणाले. "हे तापण्याने झालंय. माल तसला आणि मी थंड होऊ न देता तापवत गेलो. मग जे याला झालं ते सगळ्यांना झालंय. पहिला एक सोडला तरी बारा उरतात. आणि त्या पहिल्याचाही माल तोच."

"पण एक्स-रे पास होते."

"एक्स-रेत भोक दिसतं, चीर दिसते. हे तेव्हा चीर नव्हतंच. आता झालंय." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तू नळीखाली उभा राहत जाऊ नकोस."

आता सांगायला लाज वाटते, पण मला त्यांचाच राग आला. पंपघरात नळीखाली उभं न राहता काम करायचं म्हणजे कसं? नळी सगळीकडेच आहे. मी म्हणालो, तुम्हाला धक्का बसलाय, थोडे दिवस जाऊ द्या.

त्यांनी एक दिवसही जाऊ दिला नाही. ठेकेदाराकडे गेले, तो म्हणाला, तोंड उघडलंस तर माझंही काम जाईल. व्यवस्थापकांना पत्र लिहिलं, उत्तर नाही. मग ते कडं पिशवीत घालून तंत्रनिकेतनात गेले. तिथे धातूंच्या प्रयोगशाळेत एक मॅडम होत्या. त्यांनी दाजींना बसवून घेतलं, कड्याचा नखाएवढा तुकडा कापला, काचेसारखा घासून गुळगुळीत केला, द्रावणात बुडवून वीज सोडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दाजींनी मला ते नंतर इतक्या वेळा सांगितलं की मीच पाहिल्यासारखं वाटतं. सांध्यापासून लांबच्या भागात धातूचे कण एकमेकांना चिकटून, फरशीसारखे. आणि तीन मिलिमीटरवरच्या भागात प्रत्येक कणाभोवती काळा खंदक.

मॅडमनी समजावलं, "स्टेनलेस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. त्याची पातळ साय पृष्ठभागावर धरते. पण साधारण साडेचारशे ते साडेआठशे अंशांच्या मध्ये धातू रेंगाळला की क्रोमियम कार्बनशी जुळतं आणि कणांच्या कडांना जाऊन बसतं. मग त्या कडांलगत क्रोमियम उरत नाही. तिथे साय नाही. अ‍ॅसिड तिथूनच शिरतं. सांधा स्वतः वितळून झटकन त्या अंशांच्या खाली येतो, म्हणून वाचतो. शेजारचा भाग वितळत नाही, नुसता तापत राहतो. तुम्ही थर लागोपाठ दिलेत का?"

"हो."

"का?"

दाजी म्हणाले, "थांबू दिलं नाही." मग म्हणाले, "नाही. मी थांबलो नाही."

मॅडमनी सहीशिक्क्याचा अहवाल दिला: बाकीचे सांधे तातडीने तपासावेत. तो घेऊन दाजी चार दिवस फाटकावर बसले. चौथ्या दिवशी व्यवस्थापकांनी त्यांना आत बोलावलं, अहवाल वाचला आणि विचारलं, "हा तुकडा आमच्याच नळीचा कशावरून? आणि आमचा असेल तर तुमच्याकडे आला कसा? ही चोरी आहे." शेजारी 'झालं का' साहेब बसले होते. दाजी त्यांना म्हणाले, "साहेब, तुम्हाला तर माहीत आहे." साहेब खिडकीकडे बघत होते.

त्या आठवड्यात दाजी ओळखू येईनात. दाढी वाढलेली, कपडे कसेतरी. माझ्या पाळीच्या वेळेला ते फाटकासमोर येऊन उभे राहायचे आणि मी बाहेर पडलो की निघून जायचे. एकदा मला गाठून म्हणाले, "सोड ही नोकरी. हात जोडतो." मी सगळ्यांदेखत ओरडलो, "तुमच्यामुळे आधीच तोंड दाखवायला जागा नाही! मला तरी जगू द्या." ते "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकासमोर होतेच.

पुढच्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला सुरक्षा खात्याच्या निरीक्षकांची गाडी थेट आत आली आणि अर्ध्या तासात लाइन बंद झाली. पंप थांबवायला मलाच सांगितलं. का, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळीकडे पसरलं: दाजींनी लेखी कबुली दिली होती. चौदापैकी दोनच सांधे नीट केले, बाकीच्यांत नुसतं वरून भरलं. एक्स-रेच्या वेळी सांध्यांवर लावायचे शिशाचे आकडे बदलले आणि त्या दोनच सांध्यांचे फोटो पुन्हा पुन्हा काढून घेतले. एक्स-रेवाल्याला यातलं काही माहीत नव्हतं, सगळं मी एकट्याने केलं, असं लिहिलेलं. खाली सही. एक प्रत निरीक्षकांना, एक व्यवस्थापकांना.

माझ्या डोळ्यांपुढे काकांचा चेहरा आला. मी पाळी अर्धवट टाकून ताईकडे गेलो. दाजी खुर्चीत बसले होते. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. काकांचा डोळा तुम्ही काढलात, हे मात्र नक्की म्हणालो. ते ऐकून घेत होते. शेवटी ताई स्वयंपाकघरातून आली.

"बस खाली," ती म्हणाली.

"ताई, तुला माहीत आहे यांनी काय केलंय?"

"माहीत आहे. मीच सुवाच्य अक्षरात उतरवून दिलंय. त्यातलं अक्षरही खरं नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "मीही म्हटलं, अहो, हे खोटं आहे. तर म्हणाले, खरं लिहून पाहिलं ना."

मी दाजींकडे बघितलं.

"खऱ्याला पुरावा मागतात," ते म्हणाले. "मी चोर आहे म्हटलं तर कुणी काही मागत नाही. लगेच गाडी आली."

मी खाली बसलो. डोकं धरून. ताईने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, तुझ्यासाठी नाही केलेलं हे, फार फुगू नकोस, त्या पंपघरात आणखी अकराजण आहेत. आणि मग तीच रडायला लागली.

तेरा सांधे कापले तेव्हा मी हजर होतो. पहिला, ज्याच्यासाठी दाजी खडू लावून थांबले होते, त्यात जेमतेम ओरखडा. बाकीच्यांपैकी नऊ सांध्यांत चर अर्ध्या जाडीच्या पलीकडे गेली होती. अकरावा सांधा माझ्या नेहमीच्या जागेच्या बरोबर वर. फिटरने करवत अर्धी चालवली आणि नळीचं टोक उचलायला धरलं, तर उरलेला भाग त्याच्या हातात कडकन तुटून आला. त्याने तो माझ्याकडे नुसता वर करून दाखवला. आठवडा, फार तर पंधरवडा, एवढंच त्या नळीचं आयुष्य राहिलं होतं.

चौकशीच्या दिवशी दाजींनी मला सोबत नेलं. निरीक्षक वयस्कर गृहस्थ. त्यांनी चौदा फिल्म उजेडाच्या पेटीवर ओळीने लावल्या होत्या.

"तुम्ही म्हणता, दोनच सांध्यांचे फोटो आहेत हे. मी पाहिले. चौदा वेगवेगळे सांधे आहेत. कापलेल्या तुकड्यांशी जुळवलेही. आणि सगळे तळापर्यंत उत्तम भरलेले आहेत." त्यांनी चष्मा काढला. "असं काम माझ्या पाहण्यात कमी आलंय. तुम्ही खोटं लिहून दिलंत."

"हो."

"प्रयोगशाळेचा तो अहवाल मला आधी का दाखवला नाहीत?"

"तुमच्या कार्यालयात दोनदा दिला, साहेब. पोच आहे."

निरीक्षकांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, नळीचा माल आणि घाईचं काम याबद्दल मी लिहीन, पण सरकारी खात्याला खोटी कबुली दिली हे मला लपवता येणार नाही. दाजी म्हणाले, "लपवू नका."

त्यांचं प्रमाणपत्र रद्द झालं, कायमचं. कारखान्याला ताकीद मिळाली आणि नव्या नळ्या आल्या, त्या अक्षरासकट. 'झालं का' साहेबांची बदली दुसऱ्या विभागात झाली. कारखान्यात मात्र लोकांच्या डोक्यात राहिली ती पहिली बातमी: दाजीने आकडे बदलले. पुढचा कागद कुणी वाचलाच नाही.

आता ते एका गिरणीत मोटारींची देखभाल करतात. टॉर्चला हात लावत नाहीत. दुकानात नवी भांडी दिसली तर उलटी करून कडांचे जोड बघतात, तेवढंच.

काकांना खरं सांगू नकोस, असं त्यांनी मला बजावलं होतं. वर्षभर मी गप्प राहिलो. मग एका दुपारी काकांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं: अक्षर, खडू, फाटकावरचे दिवस, कबुली. मला वाटत होतं, काका म्हणतील, चल, आत्ता जाऊन त्याला भेटू. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चांगला डोळाही मिटून घेतला होता.

"त्याला माहीत होतं?" त्यांनी विचारलं. "थंड होऊ न देता तापवलं तर काय होतं, हे त्याला तेव्हाच माहीत होतं?"

"इतकं नेमकं नाही. पण थांबायला हवं हे माहीत होतं."

"मग बाराजणांसाठी स्वतःवर खोटं घेणारा माणूस, त्या दिवशी खडू परत मागू शकला नाही?"

काकूंनी चहा आणला, तो आम्ही दोघांनी प्यायला, आणि मी निघालो. घरी जाऊन दाजींना सांगितलं की मी तुमचा शब्द मोडला. ते रागावले नाहीत. काका काय म्हणाले, एवढंच विचारलं. मी ते जसंच्या तसं सांगितलं.

"बरोबर आहे त्यांचं," दाजी म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी स्वतःला रोज तेच विचारतो."